जमिनीकडून इंजिनाकडे

डोंगरात न्यायला गाडी तयार करायची म्हटले की बहुतेकांच्या मनात आधी इंजिन येते, मग गाडीची उंची, आणि त्यानंतर छपरावरचे दिवे. टायर येतो तो दिसण्यापुरता: रुंद, जाड दातांचा, मडगार्डच्या बाहेर थोडा डोकावणारा. गिअर, ट्रान्सफर केस, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल या गोष्टी कोणाच्या फोटोत येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जाते ते बहुधा त्यातले काही तुटल्यावर. हे पुस्तक तो क्रम उलटा लावते. चार टायर मिळून जमिनीला जेवढे टेकतात त्या जागेपासून ते सुरू होते, तिथून चाक, अ‍ॅक्सल, डिफरन्शियल, ट्रान्सफर केस असे वर चढत जाते आणि इंजिनाच्या दाराशी थांबते. यामागे माझे एक ठाम मत आहे. आडवाटेसाठी गाडीत केलेला प्रत्येक बदल साखळीतल्या पुढच्या भागावर जास्तीचा भार टाकतो. तो भार न मोजता जो बदल करत सुटतो, तो गाडी मजबूत करत नसतो. ती कुठे तुटावी एवढेच ठरवत असतो.

इंजिनाची ताकद ही अडचण फार क्वचित असते, याचा एक जुना पुरावा दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचा. १९४१ ते १९४५ या काळात बनलेल्या या टनभर वजनाच्या गाडीचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते आणि टायर ६.०० बाय १६ चे, म्हणजे आजच्या डोळ्यांना सायकलीसारखे वाटतील इतके अरुंद. तरी ती चिखलात, वाळूत आणि खडकांत चालली, कारण तिच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६७, ट्रान्सफर केसच्या ‘लो’चे १.९७ आणि अ‍ॅक्सलचे ४.८८ होते. तिन्हींचा गुणाकार जवळपास २६ येतो. इंजिन २६ वेळा फिरले की चाक एकदा फिरते आणि इंजिनाचा पीळ घर्षणातली घट सोडली तर तितक्या पटीने वाढून चाकाशी पोचतो. याच जीपची नागरी आवृत्ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या फोर बाय फोर गाड्यांची वंशावळ तिथून सुरू झाली. आजच्या पाच गिअरच्या मॅन्युअल जिम्नीत हाच गुणाकार ४.४२५, २.००२ आणि ४.०९ यांचा, म्हणजे सुमारे ३६ भरतो. पुण्याजवळ रांजणगावला जुळवली जाणारी ऑटोमॅटिक रँग्लर रुबिकॉन, तिच्या चारास एक अशा ट्रान्सफर केसमुळे, ७७ पर्यंत जाते. मॅन्युअल जिम्नी ‘लो’च्या पहिल्या गिअरमध्ये, इंजिन ८०० फेऱ्यांवर घुटमळत असताना, तासाला तीन किलोमीटरही जात नाही. माणूस त्याहून भरभर चालतो. खडकावरून चाक उतरवताना नेमका हाच वेग हवा असतो, आणि तो अश्वशक्तीतून मिळत नाही, दात्यांच्या हिशेबातून मिळतो.

पण दात्यांकडे जाण्याआधी हवेकडे जायला हवे, कारण या पुस्तकात सुचवलेल्या सर्व बदलांत सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल फुकट आहे. बाराशे किलोच्या गाडीचे चौथाई वजन, म्हणजे ३०० किलो, एका टायरवर येते असे धरू. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोचा दाब पडतो, आणि तेवढे वजन पेलायला साधारण १४० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकावी लागते. हवा १५ पीएसआयवर आणली की ही जागा हिशेबाने दुप्पट होते. टायरच्या भिंतीला स्वतःचा ताठपणा असल्याने प्रत्यक्षात ती थोडी कमी भरते, पण दिशा हीच. शिवाय वाढलेली जागा रुंदीत फारशी पसरत नाही, लांबीत पसरते. म्हणजे टायर रणगाड्याच्या पट्ट्याच्या दिशेने एक पाऊल टाकतो. खडकावर तर त्याहून महत्त्वाची गोष्ट घडते. मऊ पडलेला टायर दगडाच्या कंगोऱ्याभोवती वळतो, त्याला कवेत घेतो, आणि पकड नुसत्या घर्षणाची न राहता अडकण्याची होते. पाऊण तास चिखलात चाके फिरवत, इंजिन ओरडवत बसलेली गाडी हवा सोडल्यावर सहज बाहेर येते, हे जाणकारांना नवीन नाही. तरीही हवा सोडायला लोक कचरतात, कारण ती पुन्हा भरायची असते. एक बरा कॉम्प्रेसर आणि विश्वासाचा गेज ही माझ्या मते पहिली खरेदी. याला मर्यादाही आहे. साध्या रिमवर हवा १२ पीएसआयच्या खाली गेली की वळताना टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो, आणि कमी हवेवर डांबरी रस्त्यावर वेगाने गेल्यास टायरची भिंत तापून फाटते.

टायरच्या जातीबद्दल बोलायचे तर बाजारातला सल्ला बहुतेक वेळा एकच असतो: जितके मोठे दात तितके चांगले. सह्याद्रीत तो निम्मा खरा आहे. मड टायरच्या दातांमधली मोठी पोकळी चिखल बाहेर फेकण्यासाठी असते, आणि फेकण्यासाठी चाकाला थोडा वेग लागतो. कोकणातल्या तांबड्या चिखलात, भाताच्या खाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटांवर, हे गणित जमते. घाटमाथ्यावरच्या ओल्या बसाल्टवर मात्र तेच मोठे दात अडचण ठरतात. तिथे रबराचा जास्तीत जास्त पृष्ठभाग आणि त्यावरच्या बारीक चिरा कामाला येतात, जे चांगल्या ऑल-टेरेन टायरमध्ये असते. जांभ्यावर पावसातही पकड बरी मिळते, पण त्याचे सच्छिद्र, धारदार कंगोरे टायरची भिंत चिरतात, म्हणून तिथे दातांपेक्षा भिंतीतल्या थरांकडे पाहावे. शेवाळलेल्या कातळावर कोणताच टायर टिकत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीबद्दल तर काही बोलायलाच नको: पाणी प्यालेली ती चिकण माती दातांत अशी भरते की दोन फेऱ्यांत मड टायरही गुळगुळीत होतो. तिथला शहाणपणाचा बदल म्हणजे पाऊस ओसरून जमीन वाळेपर्यंत थांबणे. रुंदीबाबतही तसेच. खाली कडक तळ असलेल्या चिखलात अरुंद टायर तो कापून तळाला टेकतो. वाळूत रुंद आणि मऊ टायर वर तरंगतो. आणि रिम जितका मोठा तितकी भिंत कमी. २०२० च्या थारची साधी आवृत्ती २४५/७५ आर १६ टायरवर आली आणि महागडी २५५/६५ आर १८ वर. पहिल्याची भिंत सुमारे १८४ मिलिमीटर, दुसऱ्याची १६६. आडवाटेच्या दृष्टीने स्वस्त गाडीचा टायर जास्त कामाचा होता, हे विक्रीदालनात कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

आता मोठ्या टायरकडे येऊ, कारण सगळी साखळी इथे ताणायला लागते. आधी त्याच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत स्प्रिंग किंवा पाटे उंच केल्याने बॉडी वर जाते, पण अ‍ॅक्सलच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. त्याला जमिनीपासून वर उचलणारी एकच गोष्ट म्हणजे मोठा टायर. सामुराई ही आपल्या जिप्सीची परदेशात गाजलेली बहीण. तिचा मूळ २०५/७० आर १५ टायर ६६८ मिलिमीटर व्यासाचा. त्या जागी ३० इंची, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा टायर घातला तर गोळा ४७ मिलिमीटर वर जातो. डोंगरात ४७ मिलिमीटर म्हणजे बरेच दगड. पण हा टायर १४ टक्के मोठाही आहे, आणि चाकाचा व्यास वाढणे हा परिणामाने गिअरमधला बदलच असतो. इंजिनाला आता तोच ढकलण्याचा जोर द्यायला १४ टक्के जास्त पीळ लागतो. सामुराईचा मूळ गुणाकार ३.६५२, २.२६८ आणि ३.७३ यांचा, सुमारे ३१; नव्या टायरवर तो परिणामाने २७ वर येतो. म्हणजे ज्या गाडीला खडकावर सावकाश जाता यावे म्हणून टायर घातले, ती आता पूर्वीपेक्षा जोरात जाते, क्लच जास्त जळतो आणि चढावर पहिलाच गिअर अपुरा पडतो. स्पीडोमीटर ७० दाखवतो तेव्हा गाडी ८० वर असते. ब्रेकला जड चाके थांबवावी लागतात. पाचवा टायरही त्याच मापाचा लागतो, आणि त्याचे वजन मागच्या दाराच्या बिजागऱ्या सोसतात.

याचे उत्तर अधिक ताकदीचे इंजिन नव्हे, दात्यांची दुरुस्ती आहे, आणि सामुराईच्या जगात ते उत्तर फार सुबकपणे सापडले. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, एका छोट्या शाफ्टने जोडलेली असल्याने ती एकटी उतरवता येते. तिच्यासाठी मिळणारा ४.१६ चा दात्यांचा संच ‘लो’ला २.२६८ वरून ४.१६ वर नेतो, म्हणजे गुणोत्तर ८३ टक्क्यांनी वाढवतो, आणि ‘हाय’लाही सुमारे १२ टक्के खाली आणतो. रस्त्यावर ३० इंची टायरने जे १४ टक्के घेतले होते ते जवळजवळ परत मिळते, आणि डोंगरात गुणाकार ५७ च्या आसपास जातो. ३० इंची टायर असूनही ती गाडी ८०० फेऱ्यांवर तासाला दोन किलोमीटरने सरकू लागते. ज्या गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटून असते तिथे हा मार्ग अवघड. मग अ‍ॅक्सलमधली क्राउन-पिनियनची जोडी बदलावी लागते, तीही पुढची आणि मागची दोन्ही, एकाच गुणोत्तराची. एकच बदलली तर फोर बाय फोर लावताच दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडू लागतात. पिनियनचा दातांमधला खेळ बसवणे हे सवयीच्या हाताचे काम आहे. ज्याने ते पूर्वी केलेले नाही अशा मिस्त्रीवर ते सोपवू नये, मग तो बाकी कितीही निष्णात असो.

यावर एक रास्त आक्षेप येतो: दाते मंद केले म्हणजे शाफ्टवर पीळ वाढला, मग तुटण्याची शक्यताही वाढली नाही का? कागदावर वाढली. प्रत्यक्षात चाकाला मिळू शकणाऱ्या पिळाला एक छत असते: टायर घसरण्याआधी जमीन जेवढा विरोध करील तेवढाच पीळ शाफ्टवर येतो. म्हणून मोठा, चिकट, मऊ हवेचा टायर हे छत वर नेतो, आणि मूळ टायरवर वर्षानुवर्षे टिकलेला अ‍ॅक्सल त्याच्यावर तुटतो. त्याहून घातक असतो धक्का. हवेत उचललेले चाक जोरात फिरत असते, गाडी डुलते, चाक खडकावर आदळते आणि एका क्षणात थांबते. मागून फिरत येणाऱ्या इंजिनाची आणि दात्यांची गती शाफ्टमध्ये पिळून निघते. चाक जितके मोठे आणि त्याची पकड जितकी जास्त, तितका हा धक्का जास्त. मंद दाते असलेली गाडी चाक हवेत जोराने फिरवतच नाही, म्हणून शांत पायाच्या चालकाच्या हाती ती कमी तुटते. उतावळ्या पायाखाली ती जास्त तुटते, हेही खरे. सर्वांत आधी जातो तो बहुधा पुढच्या चाकाचा सीव्ही जॉइंट, आणि तोही स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना, कारण कोन वाढला की त्या सांध्याची ताकद घटते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत, जशी नवी थार पुढून आहे, उंची वाढवली की सरळ जातानाही हा कोन वाढलेलाच राहतो. म्हणून त्या गाडीवर उंची वाढवण्याचा संच आणि मोठे टायर एकदम घालणे मला पटत नाही.

डिफरन्शियलला या पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक हवेत गेले की त्याला पीळ जवळजवळ शून्य, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही शून्य. फोर बाय फोर गाडी तिरप्या खड्ड्यात कर्णातली दोन चाके हवेत फिरवत उभी राहते, ती याच कारणाने. यावरचे तीन उपाय आज कारखान्यातून मिळतात आणि तिन्हींची उदाहरणे आपल्या बाजारात आहेत. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला पीळ मिळवून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जिम्नीत आहे. थारच्या काही आवृत्त्यांत मागे दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारा यांत्रिक लॉक येतो, जो दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप बसतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्यात पुढचा आणि मागचा असे दोन लॉक चालकाच्या हातात आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने बोलणारे म्हणतात की आता लॉकरची गरजच उरली नाही. मातीच्या चढावर त्यांचे बरोबर आहे. पण पहिल्या दोन्ही उपायांत चाक आधी फिरावे लागते आणि मग मदत येते. ब्रेकच्या उपायात तर इंजिनाला ब्रेकशी लढण्यापुरता पीळ वेगळा द्यावा लागतो, आणि लांब चढावर ब्रेक तापतात. हाताने लावलेला लॉक चाक फिरण्याआधीच तयार असतो. त्याची किंमतही लक्षात ठेवावी. उघडे डिफरन्शियल नकळत फ्यूजसारखे काम करते, कारण पकड नसलेले चाक फिरून जाते आणि पीळ सुटतो. लॉक लावला की पकड असलेल्या एकाच शाफ्टवर सबंध अ‍ॅक्सलचा भार येऊ शकतो, म्हणजे त्याने पूर्वी सोसला त्याच्या दुप्पट. पुढचा लॉक लावल्यावर स्टिअरिंग अडते, आणि आडव्या उतारावर लॉक केलेला अ‍ॅक्सल दोन्ही चाकांनिशी खाली घसरतो. म्हणून लॉकरचा क्रमांक टायर आणि दात्यांनंतर, आणि शाफ्टच्या ताकदीचा विचार झाल्यावरच.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा आहे: चांगल्या चालकाला यातले काही लागत नाही. कारखान्यातून आलेली गाडी बहुतेक लोकांच्या कौशल्यापेक्षा पुढे असते, हे मीही मान्य करतो. इगतपुरीला महिंद्रच्या प्रशिक्षण केंद्रात साध्या गाडीवर शिकून घेतलेला दिवस दहा सुट्या भागांपेक्षा जास्त कामाला येईल. पण कौशल्य जमिनीतली पकड वापरते, निर्माण करत नाही. गुळगुळीत रस्त्याच्या टायरवर ३० पीएसआय हवा भरून ओला चढ चढायला निघालेला निष्णात चालक मागेच घसरणार. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या गाड्या पाहून मात्र निष्कर्ष काढू नये. स्पर्धेच्या गाडीकडे विंच असतो, सहचालक असतो, आणि अ‍ॅक्सल तुटला तर रात्री तो बदलणारे लोक असतात. सोमवारी ऑफिसला न्यायच्या गाडीचे तिच्याशी नाते फक्त सांगाड्यापुरते.

कायद्याचा मुद्दा पुढच्या प्रकरणांत वारंवार येतो, आणि तो टाळणारी पुस्तके मला अप्रामाणिक वाटतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विम्याचा दावा फेटाळायला विमा कंपनीला निमित्त मिळते ते वेगळेच. यावरून माझा निष्कर्ष असा की आपल्या देशात सुधारणेची सुरुवात गाडी निवडण्यापासून करावी: ज्याला लॉकर लागणार हे माहीत आहे त्याने लॉकरसहित येणारी गाडी घ्यावी, आणि ज्याला उंच भिंतीचा टायर हवा त्याने त्याच गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला उत्पादकाने दिलेले माप आधी पाहावे. हवा, टायरची जात, डिफरन्शियलच्या श्वासनळ्या उंचावर नेणे (तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आत पोकळी होऊन पाणी सीलमधून शोषले जाते), पाण्यातून आल्यावर तेल तपासणे, एवढ्यानेच बरीच मजल गाठता येते.

जमिनीच्या बाजूने येणारा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कासच्या पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यावर एकदा उमटलेली चाकोरी पावसाचे पाणी ओढून घेत खोल होत जाते. तिथे गाडी मुळीच जाऊ नये. राखीव वने आणि अभयारण्ये यांचा प्रश्नही कायद्याने सुटलेला आहे. गाडीवाट म्हणून वापरात असलेल्या वाटांवर मात्र खोदकाम करते ते जागच्या जागी फिरणारे चाक, आणि हवा, टायर, मंद दाते, लॉक या सगळ्यांचा उद्देश चाक न फिरवता पुढे जाणे हाच आहे. जो बदल चाक अधिक जोराने फिरवायला मदत करतो, म्हणजे इंजिनाची वाढीव ताकद, त्याला या पुस्तकात प्रकरण नाही ते या कारणानेही.

पुढे वाचण्याआधी वाचकाने काही आकडे कागदावर लिहून घ्यावेत. टायरचे माप त्याच्या भिंतीवर असते. शिफारस केलेली हवा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा ‘लो’ आणि अ‍ॅक्सल यांची गुणोत्तरे उत्पादकाच्या तांत्रिक तपशिलात सापडतात. त्यांचा गुणाकार करून ठेवावा, कारण जवळजवळ प्रत्येक प्रकरणात तो लागेल. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर उभ्या गाडीत पीळ आणखी वाढवतो, म्हणून तिचा छोटा गुणाकार दिसतो तितका छोटा नसतो, आणि उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवण्याच्या बाबतीत ती तरीही मागे पडते. त्याचा हिशेब वेगळ्या प्रकरणात केला आहे.